व्हायोलिनचा उपासक योझेफ सिगेती

कार्पेथियन पर्वताच्या कुशीत, तिसा आणि इझा या नद्यांच्या काठी, मारामारोश-सिगेत नावाचे एक लहानसे गाव आहे. हंगेरियन भाषेत सिगेत म्हणजे बेट. आज हे गाव रुमानिया देशात मोडते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते हंगेरीच्या राज्यात होते. गावाचा स्वतःचा असा वादकांचा एक ताफा होता. मौज अशी की, त्या ताफ्यातील बहुतेक सारे वादक एकाच घरचे होते. याच घरी एके दिवशी एक लहान पोर राहावयास आले. त्याची आई नुकतीच वारली होती. ताफ्यातील वादक हे त्याचे काका.

या मुलाचे नाव योझेफ. ५ सप्टेंबर १८९२ रोजी बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. घराण्याचे आडनाव सिंगर. परंतु आजी-आजोबांच्या ज्या गावाने त्याला आसरा दिला, त्याचेच नाव पुढे त्याला चिकटले आणि जगाने त्याला योझेफ सिगेती म्हणून ओळखले.

ज्या घरात सकाळ-संध्याकाळ वाद्ये वाजत असतात, तेथील मुलांना संगीत निराळे शिकवावे लागत नाही. आपल्याकडील संतुराप्रमाणे काड्यांनी वाजविले जाणारे सिंबालम नावाचे एक वाद्य हंगेरीत फार लोकप्रिय आहे. काकूने योझेफला प्रथम तेच थोडेफार शिकविले. सहाव्या वर्षी बर्नात काकाने त्याच्या हाती व्हायोलिन दिले. मुलाची बोटे विलक्षण चपळ आहेत आणि त्याचा कान तीक्ष्ण आहे, हे लवकरच सर्वांच्या ध्यानी आले. काही वर्षांनी वडील त्याला घेऊन बुडापेस्टला गेले.

बुडापेस्टला त्या वेळी व्हायोलिनवादनाची एक मोठी गादीच होती. थोर पियानोवादक फ्रान्त्स लिस्ट याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीत विद्यालयात येनो हुबाय हे व्हायोलिन शिकवीत. हुबाय हे बर्लिनच्या योसेफ योआखिम यांचे शिष्य, आणि योआखिम हेही मूळचे हंगेरीचेच. अशी ही परंपरा होती. योझेफचे वादन ऐकताच हुबाय यांनी प्रवेशाचे नेहमीचे सोपस्कार बाजूला ठेवले आणि त्याला आपल्या वर्गात बसवून घेतले. फेरेन्त्स वेचे, श्टेफी गायर, येली द'आरान्यी असे पुढे नावारूपाला आलेले अनेक वादक याच वर्गात तयार झाले.

तो काळ बालवादकांच्या कौतुकाचा होता. आखूड विजार घातलेल्या एखाद्या मुलाने अवघड रचना सफाईने वाजविली की, सभागृह टाळ्यांनी दुमदुमून जाई, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येत आणि आईबापांच्या आशा आकाशाला भिडत. हुबाय यांच्या वर्गातील मुलांना गजाचे चापल्य व बोटांची तयारी यांत कोणी हार जाणार नव्हते. मात्र आपण वाजवितो ती रचना कोणी केली, का केली, तिच्या पोटात काय दडले आहे, असा विचार करण्यास फारसा वेळ नसे. मुलांना घाई होती ती मैफलीची. त्या घाईतच योझेफ वाढला.

१९०५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, बर्लिन शहरात त्याचे वादन झाले. त्याने निवडलेल्या रचना पाहिल्या म्हणजे आश्चर्य वाटते. बाखची चाकोन, एर्न्स्टचा कॉन्चेर्टो आणि पागानिनीचे चेटकिणींचे नृत्य! यांतील एकेक रचना प्रौढ वादकालाही घाम फोडणारी. एवढे करून पदरात काय पडले? एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत, बालप्रतिभेचा नमुना म्हणून, एक छायाचित्र. मैफलींची निमंत्रणे काही आली नाहीत.

परतल्यावर त्याने एका उन्हाळी नाटक मंडळीत नोकरी धरली. हंगेरीतील एका हवा खाण्याच्या ठिकाणी ही मंडळी संगीतिका करीत असे. दोन अंकांच्या मधल्या वेळात, पडदा पडलेला असताना, योझेफने प्रेक्षकांचे मन रमवावयाचे. पुढच्या वर्षी तर तो फ्रांकफुर्ट येथे सर्कशीत उभा राहिला! तेथे त्याचे नावही निराळे होते : योश्का सुलागी. सर्कशीतील इतर खेळांच्या बरोबरीने तोही एक खेळ. पोटासाठी केलेले कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते हे खरे. पण आपले खरे नाव झाकून वाजविण्याची पाळी एका गुणी मुलावर यावी, यात त्या वेळच्या कौतुकाचा पोकळपणाही दिसून येतो.

त्याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, हुबाय यांनी आपल्या या शिष्याला योआखिम यांच्या भेटीस नेले. योआखिम त्या वेळी पंचाहत्तरीला पोहोचले होते. ते स्वतः लहानपणी मेंडेल्सझोनच्या हाताखाली राहिलेले आणि ब्राम्सचे जिवलग मित्र. सगळ्या युरोपात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. मुलाचे वादन ऐकून ते प्रसन्न झाले आणि पुढील शिक्षण आपल्यापाशी पुरे करावे, असे त्यांनी सुचविले. असे बोलावणे आले असता दुसऱ्या कोणीही क्षणाचा विलंब लावला नसता. योझेफने मात्र नकार दिला. हुबाय यांना सोडून जाणे त्याच्या मनाला पटेना, हे एक कारण. दुसरे असे की, योआखिम यांचा वर्ग त्याने पाहिला होता. गुरू आणि शिष्य यांच्यात तेथे त्याला एक दुरावा जाणवला. चौदा वर्षांच्या मुलाने घेतलेला हा निर्णय योग्य होता की अयोग्य, हे सांगणे कठीण आहे. योआखिम पुढच्याच वर्षी निवर्तले.

यानंतर सिगेती इंग्लंडला गेला. तेथे एका संगीतप्रेमी दांपत्याचा त्याच्यावर लोभ जडला. सरे परगण्यातील आपल्या घरी त्यांनी त्याला पोटच्या मुलाप्रमाणे ठेवून घेतले. सात-आठ वर्षे तो इंग्लंडभर वाजवीत हिंडला. हॅमिल्टन हार्टी या संगीतकाराने १९०९ मध्ये आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो त्याला अर्पण केला. कोणी नवी रचना त्याला अर्पण करावी, असा हा पहिलाच प्रसंग. नेली मेल्बा या विख्यात गायिकेच्या दौऱ्यांतही त्याला स्थान मिळाले. एकंदरीत बरे चालले होते, आणि तसेच चालू राहिले असते तर आणखी एक लोकप्रिय वादक होऊन तो विसरलाही गेला असता.

परंतु याच दौऱ्यांत त्याची गाठ फेरुच्चो बुसोनी यांच्याशी पडली. बुसोनी हे मोठे पियानोवादक आणि त्याहूनही मोठे विचारवंत. बाखची जी चाकोन सिगेतीने तेराव्या वर्षी बर्लिनमध्ये वाजविली होती, तीच बुसोनींनी पियानोसाठी लिहून काढली होती. ही रचना मोठी नवलाची आहे. व्हायोलिन एकटेच, साथीला कोणी नाही. आरंभी आठ मापांचा एक साधा आराखडा येतो आणि मग त्याच आराखड्यावर एकामागून एक नवी रूपे उभी राहतात. ऐकणाऱ्याला वाटावे की, तीन-चार वाद्ये एकमेकांशी बोलत आहेत. बोटे तयार असली की ती वाजविता येते. पण कोठे थांबावे, कोणता स्वर पुढे आणावा, कोणता मागे ठेवावा हे कळल्याशिवाय ती उभी राहत नाही. बुसोनींनी सिगेतीला या रचनेचा स्वर न् स्वर तपासावयास लावले. आपल्याला वाजविता येते, परंतु आपण संगीत जाणत नाही, ही गोष्ट त्या तरुणाला प्रथमच उमगली. टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला हे स्वतःशी कबूल करणे सोपे नसते. बुसोनी १९२४ मध्ये मरण पावले, तोवर सिगेती त्यांना गुरुस्थानी मानीत राहिला.

ही नवी साधना सुरू होते न होते तोच संकट कोसळले. १९१३ साली, ऐन एकविशीत, सिगेतीला क्षयरोग जडला. त्या काळी क्षयावर औषध असे नव्हतेच. उंच जागेची कोरडी, थंड हवा आणि संपूर्ण विश्रांती हाच उपचार. स्वित्झर्लंडमधील दावोस येथील आरोग्यधामात त्याला ठेवण्यात आले. दौरे थांबले. फार तर दिवसातून अर्धा तास वाद्य हाती धरावे, अशी डॉक्टरांनी परवानगी दिली होती. जो मुलगा कळत्या वयापासून तासन्तास गज चालवीत आला, त्याला उरलेला सारा दिवस अंथरुणावर काढावयाचा होता. बरे होऊ की नाही याची शाश्वती नव्हती.

त्याच ठिकाणी, न्यूमोनियातून उठलेले एक हंगेरियन गृहस्थ विश्रांतीसाठी येऊन राहिले होते. शरीराने कृश, बोलण्यात मितभाषी. हे बेला बार्टोक. बुडापेस्टच्या विद्यालयात दोघांनी एकमेकांना पाहिले होते, पण ओळख वरवरची. बार्टोक खेडोपाडी हिंडून, शेतकऱ्यांच्या तोंडची गाणी ध्वनिमुद्रण यंत्रावर टिपून घेत आणि त्या मातीतून आपले नवे संगीत घडवीत. गावच्या वादकांच्या घरात वाढलेल्या सिगेतीला त्यांचे हे वेड कळणे अवघड नव्हते. दावोसच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत जुळलेले मैत्र बार्टोक यांच्या मृत्यूपर्यंत टिकले.

सिगेती बरा झाला. १९१७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, जिनीव्हाच्या संगीत विद्यालयात त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. सर्कशीतला योश्का आता सिगेतीगुरुजी झाला होता. तेथेच वांडा ऑस्ट्रोव्हस्का या तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

पुढील वीस वर्षे सिगेती जगभर फिरले. १९२४ पासून सोव्हिएत रशियात ते वारंवार गेले. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, स्टोकोव्हस्की यांच्या संचालनाखाली, फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी बेटहोवेनचा कॉन्चेर्टो वाजविला आणि अमेरिकेचे दार त्यांना उघडले. आशियातही त्यांच्या मैफली झाल्या. त्यांचा स्वर काही अत्यंत गोड म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्यांच्याहून सफाईदार वाजविणारे वादक त्या काळी होते. गज धरण्याची त्यांची जुन्या वळणाची, कोपर अंगाशी ठेवण्याची रीतही पुष्कळांना अवघडलेली वाटे. तरीही जाणकार त्यांच्याकडे ओढले जात, कारण त्यांच्या वादनात रचनेचा अर्थ उलगडत असे.

मैफली ठरविणाऱ्या मंडळींना मात्र हे नेहमीच मानवत असे असे नाही. अमेरिकेत अशा एका व्यवस्थापकाने त्यांच्याजवळ तक्रार केली की, बेटहोवेनच्या क्रॉइट्झर सोनाटाने आपले श्रोते कंटाळतात, तेव्हा काही हलकेफुलके वाजवावे. सिगेतींनी तक्रार ऐकून घेतली आणि सोनाटा वाजविणे चालूच ठेवले.

हयात असलेल्या संगीतकारांच्या बाबतीतही त्यांचा हाच बाणा होता. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो १९२३ मध्ये पॅरिस येथे प्रथम वाजला, तेव्हा त्याचे फारसे स्वागत झाले नव्हते. सिगेतींनी तो हाती घेतला. १९२४ मध्ये प्राग येथील संगीत महोत्सवात त्यांनी तो वाजविला आणि मग देशोदेशी इतक्या वेळा वाजविला की, आज तो व्हायोलिनवादकांच्या नित्याच्या पाठातला झाला आहे. अर्नेस्ट ब्लोख यांचा कॉन्चेर्टोही १९३८ मध्ये प्रथम त्यांनीच लोकांपुढे आणला. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या बाखच्या रचना त्या काळी पुष्कळदा सरावापुरत्याच मानल्या जात. सिगेती त्या भर मैफलीत वाजवीत. त्यांचे असे एक वादन बेल्जियमचे वृद्ध वादक यूजेन इझाई यांनी ऐकले आणि ते इतके भारावले की, त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी स्वतः सहा सोनाटा रचले. त्यांतील पहिला सोनाटा सिगेतींना अर्पण केलेला आहे.

बार्टोक यांनीही आपली पहिली ऱ्हॅप्सडी १९२८ मध्ये सिगेतींना अर्पण केली. लहान मुलांना पियानो शिकता यावा म्हणून बार्टोक यांनी लोकगीतांवर काही छोट्या रचना केल्या होत्या. त्यांतील काहींना सिगेतींनी व्हायोलिनचा साज चढविला. १९३८ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून बार्टोक यांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि पियानो या तीन वाद्यांसाठी एक रचना लिहिली. क्लॅरिनेट वाजविणारा होता बेनी गुडमन, अमेरिकेतील जाझ संगीताचा अनभिषिक्त राजा! या रचनेच्या अखेरच्या भागात आरंभी व्हायोलिनवादकाला मुद्दाम वेगळ्याच स्वरांत लावलेले दुसरे व्हायोलिन हाती घ्यावे लागते. गावच्या जत्रेतील वादकाचे वाद्य असेच किंचित बेसूर असते. सिगेतच्या ताफ्याची आठवण सिगेतींना या वेळी झाली असेल काय?

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि युरोपात ज्यू लोकांचा अमानुष छळ चालू झाला. १९४० मध्ये सिगेती पत्नीसह अमेरिकेत राहावयास गेले. त्याच वर्षी १३ एप्रिल रोजी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सिगेती आणि बार्टोक यांची एकत्र मैफल झाली. व्हायोलिनवर सिगेती, पियानोवर बार्टोक. आरंभीच तो क्रॉइट्झर सोनाटा होता. ग्रंथालयाने या मैफलीचे ध्वनिमुद्रण केले, म्हणून ती आजही ऐकावयास मिळते.

काही महिन्यांनी बार्टोकही हंगेरी सोडून कायमचे अमेरिकेत आले. परंतु तेथे त्यांची उपेक्षाच झाली. मैफली मिळेनात, पैसा पुरेना, आणि त्यातच रक्ताच्या दुर्धर आजाराने त्यांना ग्रासले. १९४३ च्या सुमारास ते न्यूयॉर्कच्या रुग्णालयात अंथरुणाला खिळले होते. मनाने ते इतके मानी की, कोणी मदत म्हणून पैसा पुढे केला असता तर त्यांनी तो परत केला असता. सिगेती हे पुरते जाणून होते. त्यांनी आणि वाद्यवृंदसंचालक फ्रित्झ रायनर यांनी बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक कुसेवित्स्की यांना गाठले. बार्टोक यांना दान नको, काम द्या, अशी त्यांनी गळ घातली. एके दिवशी कुसेवित्स्की स्वतः रुग्णालयात आले आणि वाद्यवृंदासाठी एक मोठी रचना लिहून द्यावी, अशी त्यांनी विनंती केली. मोबदला ठरला एक हजार डॉलर. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी आगाऊ देऊ केली. ही कल्पना मुळात आपल्या मित्रांची आहे, हे बार्टोक यांना कोणी कळू दिले नाही.

नवे काम हाती येताच आजाऱ्याच्या अंगी बळ आले. त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात बार्टोक यांनी ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ ही रचना पुरी केली. १ डिसेंबर १९४४ रोजी ती बॉस्टन येथे प्रथम वाजली आणि विसाव्या शतकातील श्रेष्ठ रचनांत तिची गणना झाली. २६ सप्टेंबर १९४५ रोजी बार्टोक यांचे निधन झाले.

सिगेतींच्याही वाट्याला कटू प्रसंग आलेच. १९५० मध्ये युरोपचा दौरा आटोपून ते अमेरिकेस परतले, तेव्हा राजकीय संशयावरून अधिकाऱ्यांनी त्यांना न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर काही दिवस अडकवून ठेवले. अखेर त्यांची सुटका झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मात्र त्याहून मोठा शत्रू आता त्यांच्या स्वतःच्या हातांत शिरला होता. संधिवाताने बोटे आखडू लागली. गज थरथरे, स्वर कधी कधी रखरखीत लागे. तशाही अवस्थेत, साठी उलटल्यावर, त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी असलेल्या बाखच्या सहाही रचनांचे ध्वनिमुद्रण केले. ते ऐकताना हातांची दुर्बलता लपत नाही. पण बर्लिनमध्ये तेरा वर्षांच्या मुलाने जी चाकोन वाजविली होती, तीच येथे एका वृद्धाने वाजविलेली आहे, आणि पुष्कळ वादक आजही ती अभ्यासासाठी ऐकतात.

१९६० मध्ये ते स्वित्झर्लंडला परत गेले. मैफली सोडल्यावर त्यांनी लेखन आणि अध्यापन यांत मन गुंतविले. निरनिराळ्या देशांतील तरुण वादक त्यांच्या घरी शिकावयास येत. त्यांच्याशी वागताना त्यांनी तो बर्लिनच्या वर्गातील दुरावा कधी येऊ दिला नाही. १९ फेब्रुवारी १९७३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लुसर्न येथे योझेफ सिगेती यांचे देहावसान झाले.